आनंदबिंदू

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, हे लुजैनला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं ती तेच भोगत होती.

अम्मानमधल्या तिच्या विद्यापीठाने मोठ्या हौसेने एक नवा अभ्यासक्रम काढला होता. मेंदू आणि शहर, असं त्याचं नाव. मेंदूवाल्यांनी शहर शिकायचं, नगररचनावाल्यांनी मेंदू शिकायचा आणि दोघांनी मिळून माणसाला सुखाने चालता येईल असे रस्ते सुचवायचे. उद्घाटनाला फीत कापली, खजुराची वडी वाटली, फोटो काढले. पहिल्या वर्षी सात विद्यार्थी होते. दुसऱ्या वर्षी सहा जण शहाणे झाले आणि लुजैन एकटी उरली.

तिला मार्गदर्शक मात्र दोन होते. मेंदूकडचे डॉ. मुंझिर आणि नगररचनेच्या डॉ. हैफा. दोघेही आपापल्या जागी विद्वान, आणि एका खोलीत आणले की गल्लीतल्या मांजरांसारखे. लुजैनने प्रयोगासाठी एक छोटा कॅमेरा मागितला तेव्हा डॉ. मुंझिर म्हणाले, कॅमेरा रस्त्याचं चित्र घेणार, तेव्हा तो नगररचनेने घ्यावा. डॉ. हैफा म्हणाल्या, कॅमेरा डोक्याला बांधणार, तेव्हा तो मेंदूवाल्यांचा. चार महिने अर्ज इकडून तिकडे फिरला आणि शेवटी कॅमेऱ्याविनाच प्रयोग सुरू झाला. पुढचं सगळं रामायण या एका न घेतलेल्या कॅमेऱ्यामुळे घडलं, पण तेव्हा ते कुणाला कळणार?

प्रयोग साधा होता. जबल लुवैबदेच्या टेकडीवरच्या चौकातून निघायचं आणि जुन्या पायऱ्यांनी खाली बलदच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, भाजीबाजारात उतरायचं. दोनशे अकरा पायऱ्या. चालणाऱ्याच्या डोक्यावर सोळा तारांची घट्ट टोपी, पाठीवरच्या पिशवीत नोंद करणारं यंत्र. मेंदूला कुठे शीण होतो, कुठे आराम पडतो, ते यंत्र टिपणार. नियम तीन: बोलायचं नाही, थांबायचं नाही, खायचं नाही. लुजैन वर टोपी चढवून द्यायची आणि मग टॅक्सी पकडून, वाहतुकीला शिव्या घालत, माणूस उतरायच्या आत खाली पोचायची. त्यामुळे मधल्या पायऱ्यांवर काय चालतं ते तिने कधी पाहिलंच नाही. रस्ता ठरवताना एकदा उतरली होती, तीही शुक्रवारी, जेव्हा सगळी दारं बंद असतात.

चोवीस माणसं उतरली. चोवीस आलेख कागदावर आले. आणि चोवीसही आलेखांत एकशे अठराव्या पायरीवर, जिथे जिना वळतो आणि एक छोटा चौथरा आहे तिथे, रेघांनी असा काही गोंधळ घातला होता की बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा. निदान चाळीस सेकंद नुसती दाट काळी जाळी. मग पुन्हा सगळं शांत.

"हे स्नायू आहेत," डॉ. मुंझिर म्हणाले. "जबड्याचे. मेंदूचं यात काही दिसत नाही. दात आवळलेत यांनी. पायऱ्या उंच आहेत, माणूस घाबरतो."

"घाबरत नाही, हसतो," डॉ. हैफा म्हणाल्या. "त्या वळणावर किल्ल्याची टेकडी एकदम समोर येते. चोवीस माणसं एकाच जागी हसतात, मुंझिर. याला नगररचना म्हणतात."

"चाळीस सेकंद हसतात? आमच्या लग्नात माझी बायकोसुद्धा चाळीस सेकंद हसली नव्हती."

"त्यात नवल काय आहे?"

लुजैन खुर्चीच्या कडेवर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "सर, खात असतील का काही?" तिने विचारलं.

"विचारलंस त्यांना?"

"विचारलं. सगळे नाही म्हणाले."

"मग प्रश्नच मिटला," दोघे एकदम म्हणाले. दोन वर्षांत त्यांचं एकमत झालेलं ते पहिलंच वाक्य.

डॉ. हैफांनी तर उत्साहाच्या भरात त्या जागेला नावही देऊन टाकलं. आनंदबिंदू. नगरपालिकेत जाऊन त्यांनी नकाशा दाखवला: चौथऱ्यावर ग्रॅनाइटचं बाक, काचेचा कठडा, खाली दिवे. डॉ. मुंझिरांनी निरोप धाडला की आनंद वगैरे प्रबंधात दिसला तर आपण सही करणार नाही. डॉ. हैफांनी उलट निरोप धाडला की भीती दिसली तर आपण करणार नाही. आणि नियम असा की दोन सह्यांशिवाय पदवी नाही. लुजैनची शिष्यवृत्ती तीस जूनला संपत होती. त्यानंतर इर्बिदला परत जायचं आणि काकांच्या दंतवैद्यकीच्या दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला नंबर द्यायचे, हे घरात ठरलेलंच होतं. काका चांगले होते, खुर्चीही गुबगुबीत होती. पण लुजैनला ती खुर्ची नको होती. लहानपणापासून ती रस्ता चुकायची, स्वतःच्या गल्लीतसुद्धा. माणसाला वाट कशी सापडते हे एकदा तरी नीट समजून घ्यायचं, एवढाच हट्ट तिने आयुष्यात केला होता.

एप्रिल संपत आला होता. एका सकाळी तिने विचार केला, दुसऱ्यांची डोकी पुरेत. स्वतःच टोपी चढवली, तारा जोडल्या, पिशवी पाठीवर टाकली आणि ती पायऱ्या उतरू लागली. नियम स्वतःलाही लागू. तोंड बंद.

एकशे अठराव्या पायरीवर किल्ल्याची टेकडी समोर आली. छान होती. हसू काही आलं नाही. पायऱ्याही काही फार उंच वाटल्या नाहीत, तेव्हा दातही आवळले गेले नाहीत. ती मनात म्हणत होती की दोन्ही डॉक्टर सारखेच चुकले, तेवढ्यात चौथऱ्याच्या कोपऱ्यातल्या निळ्या दारातून एक म्हातारी बाई बाहेर आली. हातात ताटली, ताटलीत तीळ लावलेली कडक बिस्किटं, बराझेक म्हणतात ती.

"अगं बाई," म्हातारी म्हणाली. "ही तर अगदीच कोवळी. इतक्या लहान वयात डोक्याला झालं होय?"

लुजैनने मान हलवली. बोलायचं नव्हतं.

"बोलता येत नाही ना? माहीत आहे मला. तुमच्यातल्या कुणालाच येत नाही. घे, खा. तोंडाला व्यायाम होतो."

आता अम्मानमध्ये खाण्याला नको म्हणायचं, तर त्याची एक रीत आहे. आधी समोरच्याच्या हातांना दुवा द्यायची. मग आत्ताच जेवून आले म्हणायचं. मग त्याने देवाची शपथ घालायची, आपण आईची घालायची. पुढच्या वेळी नक्की, असं दोनदा कबूल करायचं आणि एवढं करून निम्म्या वेळा तरी खावंच लागतं. ज्याला बोलायचीच बंदी, त्याने यातलं काय करावं? लुजैनने छातीवर हात ठेवून मान लववली.

"छातीतही दुखतं?" म्हातारीचा चेहरा कळवळला. "मग दोन घे."

लुजैनने दोन घेतली. बराझेक कडक होती, ताजी होती आणि तिळाने खच्चून भरलेली होती. ती चावताना कानांत नुसता कडकडाट होत होता. एक संपेपर्यंत बरोबर वीस सेकंद लागले. दुसऱ्याला वीस. शेवटच्या घासाला लुजैनचा जबडा थांबला आणि तिने टोपी ओरबाडून काढली.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही टोपीवाल्या सगळ्यांना ही दिलीत?"

म्हातारीच्या हातातली ताटली पडता पडता राहिली. "बोलते की ही," ती म्हणाली. मग भानावर येऊन म्हणाली, "सगळ्यांना. एकालाही उपाशी जाऊ दिलं नाही मी. चोवीस झाले, तू पंचविसावी. इस्पितळवाले काय माणसं आहेत का? आजारी माणसाला एकटं जिन्यावर सोडतात. सलाम केला तर उत्तर देत नाहीत बिचारे, नुसते बघतात."

ही उम्म सुहैल, म्हणजे सुहैलची आई. मोठा मुलगा सुहैल दुबईला, मुलगी पलीकडच्या टेकडीवर, नवरा कधीच देवाघरी. सकाळी नऊ ते एक दार उघडं टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, हाच तिचा संसार उरला होता. लुजैनने तिला परोपरीने समजावलं की ही माणसं आजारी नाहीत, तो अभ्यास आहे. उम्म सुहैलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजाऱ्याला असंच सांगावं, पोरी. बरं वाटतं त्याला."

लुजैन चौथऱ्यावरच बसली आणि तिने वजीह मास्तरांना फोन लावला. भूगोल शिकवून निवृत्त झालेले वजीह मास्तर म्हणजे चोवीस जणांतले सर्वांत काटेकोर. प्रयोगाआधी त्यांनी नियम दोनदा वाचून घेतले होते.

"मास्तर, खरं सांगा. जिन्यावर तुम्ही बराझेक खाल्लंत?"

पलीकडे मास्तर खाकरले.

"मास्तर?"

"मला बोलायची बंदी होती, मुली. त्या बाईला नाही कसं म्हणणार?"

"किती खाल्लीत?"

"तीन," मास्तर म्हणाले. "तिसऱ्या वेळी तिने ताटली पुढे केलीच नव्हती. ते मीच घेतलं."

घ्या. स्मित नव्हतं, भीती नव्हती. अम्मानच्या नगररचनेतला आनंदबिंदू म्हणजे चोवीस भिडस्त माणसांचं चोरून खाणं होतं. लुजैनला आधी हसू आलं, पण ते लगेच मावळलं. नियम चोवीसही जणांनी मोडला होता. हे बाहेर आलं की डॉ. मुंझिर सगळे आलेख केराच्या टोपलीत टाकणार आणि डॉ. हैफांची नगरपालिकेत फजिती होणार. दोन सह्या सोडाच, एकही मिळणार नाही. तिने ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही. नोंदी अस्वच्छ आल्या म्हणून पुन्हा सगळ्यांना उतरवायचं. फक्त मधे खाणं येता कामा नये.

दुसऱ्या दिवशी ती उम्म सुहैलच्या घरी गेली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, पण विषय काढायला तिला अर्धा तास लागला. उम्म सुहैलने वेलदोड्याची कॉफी पुढे ठेवली. लुजैनने कप उचलला आणि तसाच खाली ठेवून दिला.

उम्म सुहैलने कॉफीचं भांडं बाजूला ठेवलं. पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली याचा अर्थ तिथल्या पोराटोरांनाही कळतो. त्याला काही मागायचं आहे, आणि ते मिळेपर्यंत तो घोट घेणार नाही. लग्नाची मागणी अशी घालतात, खुनाचं वैरही असंच मिटवतात. बिस्किटांसाठी हा मार्ग त्याआधी कुणी वापरला असेल असं वाटत नाही.

"माग," उम्म सुहैल म्हणाली.

"मावशी, तीच माणसं पुन्हा उतरणार आहेत. माझं काम होईपर्यंत त्यांना काही देऊ नका. बिस्किट नाही, पाणी नाही, सलामसुद्धा नाही."

"दारावरून आजारी माणूस जाणार आणि मी नुसतं बघू?"

"माझी पदवी आहे यात. नाही मिळाली तर मला घरी परत जावं लागेल."

"ही मागणी वाईट आहे, पोरी."

"माहीत आहे," लुजैन म्हणाली. पण कप तिने उचलला नाही.

उम्म सुहैलने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिला शब्द. पी कॉफी. पण उघड्या दारात बसून मला ते जमायचं नाही. मी दारच लावून घेते. सकाळचं बाहेरचं काय असेल ते उजाडताना उरकून घेईन."

लुजैनने कॉफी एका घोटात संपवली आणि तिला इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना तिने एकही पायरी मोजली नाही.

दहा दिवसांत चोवीस जण पुन्हा उतरले. आलेख आले ते लख्ख. जाळी नाही, गोंधळ नाही. पण एकशे अठराव्या पायरीवर आता वेगळंच काही होतं. माणसं थांबत होती. कुणी अर्धा मिनिट, कुणी दोन मिनिटं. वजीह मास्तर तर चार मिनिटं. आणि रेघांमधून दिसत होतं की सगळ्या जिन्यावर मेंदूला कुठे नव्हता एवढा ताण त्या जागी होता. जे असायला हवं ते नाही, असं कळलं की मेंदू जसा चाळवतो, अगदी तसा. एवढंच नव्हे, तर खाली पोचल्यावर टोपी काढता काढता जवळजवळ प्रत्येकाने लुजैनला एकच विचारलं. वर निळं दार आहे, तिथली बाई बरी आहे ना?

"बरी आहेत, बरी आहेत," लुजैन तारा गुंडाळत म्हणायची.

वजीह मास्तरांचं एवढ्यावर समाधान झालं नाही. "दार लावलेलं होतं. मागच्या वेळी याच वेळेला ते सताड उघडं होतं. टोपी नसती तर मी ठोठावलं असतं."

"मास्तर, त्या बऱ्या आहेत. मी शब्द देते."

आलेख पाहून डॉ. मुंझिर तीन वर्षांनी लहान झाले. "हा बघ मेंदू. स्वच्छ, स्पष्ट. हा आनंद आहे का, हैफा?"

डॉ. हैफांनी चष्मा काढून पुसला. आनंदबिंदू डोळ्यांदेखत विरघळला होता, पण बाई खमक्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "पण माणूस थांबतो तर आहे. बाक लागणारच." मग दोघांनी मिळून त्या जागेचं थबकबिंदू असं बारसं केलं, आणि थबकण्याचं कारण जिन्याचं वळण असावं यावर दोघे राजी झाले. लुजैनने तसंच लिहिलं. निळं दार लिहिलं नाही, बराझेक लिहिलं नाही, कॉफीचा कप तर नाहीच नाही. तीन आठवडे ती खोलीत कोंडून घेऊन लिहीत होती. डोळ्यांसमोर रात्रंदिवस तेच चोवीस आलेख. प्रबंध पूर्ण झाला, दोन्ही डॉक्टरांनी मसुदा संमत केला आणि सतरा जूनला तोंडी परीक्षा लागली.

बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. रुदैना वयाने मोठ्या होत्या. कानाला कमी ऐकू यायचं म्हणून त्या प्रत्येक प्रश्न लहान विचारायच्या. तासभर सगळं सुरळीत चाललं. डॉ. मुंझिर खूश, डॉ. हैफा खूश. इर्बिदहून आलेले काका मागच्या बाकावर पेंगत होते. मग डॉ. रुदैनांनी पंधरावा आलेख पडद्यावर परत मागवला.

"वळणं तर वरही दोन आहेत," त्या म्हणाल्या. "तिथे कुणी थांबत नाही. इथे काय आहे?"

"चौथरा आहे," लुजैन म्हणाली.

"चौथऱ्यावर?"

"एक दार आहे."

"दारात कोण असतं?"

कुणी नाही, असं म्हटलं की संपलं होतं. एक शब्द. दोन सह्या तयार होत्या, पेनं टेबलावर टोपणं काढून ठेवली होती. लुजैनने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तिला ते आठवलं. माझं काम होईपर्यंत. ती तसंच म्हणाली होती. आणि चालणं संपून पाच आठवडे झाले तरी काम झालं हे सांगायला ती गेलीच नव्हती. शब्द घेतलेल्याने तो सोडवायचा असतो, नाहीतर देणारा बांधलेला राहतो. वर जिन्यावर त्या बाईने तिच्यामुळे दार लावून घेतलं होतं, आणि आत्ता, या घटकेला, ते लावलेलंच असणार.

"उम्म सुहैल असतात," लुजैन म्हणाली. "पण त्या दिवसांत त्या दारात नव्हत्या. मी त्यांना दार लावायला लावलं."

मग तिने सगळं सांगून टाकलं. बराझेक, छातीवरचा हात, मास्तरांचं तिसरं बिस्किट, कप. मास्तरांच्या बिस्किटाला डॉ. रुदैना हसल्या. डॉ. मुंझिरांनी पेनाला टोपण लावलं. डॉ. हैफांनी तर पेन पर्समध्येच टाकलं.

"चोवीस माणसं त्या दारापाशी थांबली," लुजैन म्हणाली. "एकदा बिस्किट खाल्लेली परकी माणसं. ती बाई कुठे गेली म्हणून त्यांचा जीव खालीवर झाला. मी तेच बघत बसले होते, महिनाभर, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की दाराच्या आत माणूस आहे. मला वळणच दिसलं. मला लाज वाटते."

काका जागे झाले होते आणि काय बिघडलं ते त्यांना कळत नव्हतं.

"हा प्रबंध नापास आहे," डॉ. रुदैना म्हणाल्या. "पण आत्ता पाच मिनिटं जो बोललीस तो पास होईल. तेरा दिवस आहेत. लिही."

"आणि सह्या?" लुजैनने विचारलं.

डॉ. मुंझिर डॉ. हैफांकडे बघू लागले. "बाईंचं बाक गेलं," ते म्हणाले.

"बाक खड्ड्यात गेलं," डॉ. हैफा म्हणाल्या. "म्हातारीला उठवून तिथे ग्रॅनाइट बसवणार होते मी. मुंझिर, तुम्हाला जबडा म्हणजे काय ते ओळखता येत नाही?"

"जबडा मीच ओळखला होता."

"बिस्किट ओळखलं नाही."

त्या भांडणाच्या भरवशावर लुजैनने पदवी मिळवली, दोन सह्यांनिशी, एकोणतीस जूनला. पण ते पुढचं. त्या दुपारी ती दोघांना भांडत ठेवून, काकांना नंतर सांगते म्हणून, तडक टॅक्सीत बसली. चौकात उतरून ती पायऱ्या धावतच उतरली. साडेबारा झाले होते. निळं दार बंद होतं.

तिने ठोठावलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी लुजैन. टोपीवाली."

"काम झालं?"

"झालं, मावशी. शब्द सुटला."

कडी निघाली. उम्म सुहैल दारात उभी राहिली, उन्हाने डोळे किलकिले करत. जरा वाळली होती. तिने आधी जिन्याच्या वर पाहिलं, मग खाली, मग लुजैनकडे.

"मावशी, काम पाच आठवड्यांपूर्वीच झालं होतं. मी सांगायला विसरले."

"ठाऊक आहे. दाराच्या फटीतून टोप्या दिसायच्या थांबल्या तेव्हाच कळलं मला."

"मग दार का नाही उघडलंत?"

"मागितलंस तू. सोडवायचंही तूच."

"निदान निरोप तरी पाठवायचात. मास्तरांना सांगितलं असतंत, ते धावत आले असते."

उम्म सुहैलने पदरासारखा डोक्यावरचा रुमाल सावरला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच लुजैनला सोसवेना.

"म्हटलं, शिकलेली पोरगी आहे," ती म्हणाली. "आठवेल तिला."